डोक्याला मार लागल्यावर गाडीची चाबी कधी हातात घ्यावी?

अपघात होतो, माणूस बेशुद्ध पडतो, घरचे त्याला नागपूर नाहीतर सेवाग्रामला हलवतात, ऑपरेशन होतं आणि महिना-दीड महिन्याने माणूस घरी येतो. सुटीच्या कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात, पुढची तारीख असते, जड काम करू नका असंही असतं. गाडीबद्दल मात्र बहुतेक वेळा एक अक्षर नसतं. पुढे माणूस आपल्या पायाने वावरात जाऊन येऊ लागला की घरात पहिला प्रश्न गाडीचाच निघतो.

तो निघणारच. विदर्भातल्या खेड्यात गाडी ही हौस नाही. दवाखाना तालुक्याला, बँक तालुक्याला, कापूस जिनिंगवर न्यायचा, दूध डेअरीवर घालायचं, पोरीला फाट्यावर एसटीपर्यंत सोडायचं. एसटी दिवसातून दोनदा येते, कधी येतही नाही. घरातला गाडी चालवणारा माणूस बसला की अख्खं घर बसतं. म्हणून "गाडी चालवू नका" एवढं सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. कधी चालवायची, कशावरून ठरवायचं आणि तोवर काय करायचं, हे सांगायला हवं.

गावात सगळे एकच माप लावतात. हात-पाय चालतात, बोलतो बरोबर, सगळ्यांना ओळखतो, म्हणजे बरा झाला. चालण्या-फिरण्यापुरतं हे माप ठीक आहे. गाडीसाठी ते फार अपुरं पडतं.

सायंकाळी साडेसहाची वेळ घ्या. तुम्ही मोटारसायकलवर वावरातून गावाकडे येताय. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर आहे. डाव्या कडेला कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, चालली आहे, मागे ना लाईट ना रेडियम. तिच्या पुढे दोन पोरं सायकल ढकलत आहेत आणि खिशात मोबाईल वाजतोय. या क्षणी मेंदूला हे सगळं पाहायचं असतं, त्यातलं महत्त्वाचं काय ते निवडायचं असतं, मोबाईल सोडून द्यायचा असतो आणि हाता-पायाला हुकूम द्यायचा असतो, तोही साधारण एक-दीड सेकंदात. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ठरवायला एकच सेकंद जास्त लागला, तर ब्रेक दाबण्याआधी गाडी जवळजवळ एका एसटीच्या लांबीइतकी जास्त पुढे गेलेली असते. बंडी तेवढ्या अंतरातच असते.

मेंदूला मार लागल्यावर नेमका हा वेग कमी होतो. डोकं जोरात हिंदकळतं तेव्हा मेंदूतले लांब तंतू जागोजागी ताणले जातात, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये हे कित्येकदा दिसतही नाही. विहिरीवरची मोटार शाबूत असावी आणि पाइप ठिकठिकाणी फुटलेला असावा, तसं होतं: पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचतं, पण उशिरा आणि कमी. ओट्यावर बसून गप्पा मारताना हे कळत नाही, कारण गप्पांत कोणी घाई करत नाही. रस्ता घाई करतो.

मार कुठे लागला, त्यावर बरंच ठरतं

कपाळामागचा भाग दुखावला तर आवर कमी होतो. पूर्वी शांतपणे मागे राहणारा माणूस आता ट्रकच्या मागे थांबायला तयार नसतो, ओव्हरटेक करतो, कोणी हॉर्न दिला की भांडायला उतरतो. डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूला मार लागला तर तोल जातो. तो चारचाकीत झाकला जातो, दुचाकीवर लगेच उघडा पडतो. कोणाला एकाच्या दोन वस्तू दिसतात, आणि मग समोरची गाडी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो.

नजरेचा एक प्रकार मात्र थोडा सावकाश समजून घ्यावा, कारण घरच्यांना तो सगळ्यात कमी माहीत असतो.

डोळे चांगले असतात, चष्म्याचा नंबरही बदललेला नसतो, तरी दोन्ही डोळ्यांचा अर्धा पट्टा, समजा डावीकडचा, मेंदूपर्यंत पोचतच नाही. हा दोष असलेल्या माणसाला निदान कधी ना कधी जाणीव होते की या बाजूचं मला दिसत नाही. तो मान वळवून बघायला शिकतो. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली किंवा लकव्याने तो भाग दुखावला, की कित्येकांच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. दिसतं, पण तिकडे लक्ष जात नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते, डावीकडचं वरण तसंच राहतं. दाढी करताना डावा गाल राहून जातो. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो. त्याला विचारलं तर तो म्हणतो, मला सगळं नीट दिसतं. त्याच्या परीने ते खरंच असतं.

आता आपला रस्ता आठवा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. पायी चालणारे, बंड्या, शाळेतून येणारी पोरं, बसलेली गुरं, डांबरावर वाळत घातलेलं सोयाबीन, सगळं आपल्या डाव्या कडेला असतं. ज्याच्या लक्षातून डावी बाजूच गेली आहे, त्याच्यासाठी या सगळ्यांनी भरलेली कड रिकामी असते. अशा माणसाने लक्ष पूर्ण परत आल्याची तपासणी झाल्याशिवाय कुठलीही गाडी चालवू नये, ट्रॅक्टरसुद्धा नाही. यात मी सूट देणार नाही.

"मले काही झालं नाही"

घराघरांत भांडण पेटतं ते इथे. बाई म्हणते, आशूचे बाबा, अजून नका नेऊ गाडी. तो म्हणतो, "मले काही झालं नाही, वीस वर्षं झाले गाडी चालवून राहिलो मी." मग चाबी डब्यात लपवली जाते, ती सापडते, आवाज चढतात, भाऊ मध्ये पडतो. बाईच्या वाट्याला बोलणी येतात, कारण सासरच्यांनाही वाटतं की ती त्याला लुळा करून ठेवते आहे.

तो खोटं बोलत नसतो आणि हट्टही करत नसतो. आपली चूक ओळखणं हेही मेंदूचंच काम आहे, आणि मार त्याच मेंदूला लागलेला आहे. पाय मोडला तर पाय दुखून सांगतो. मेंदूतली उणीव तशी सांगत नाही. म्हणून "तुम्हाला स्वतःला कसं वाटतं?" हा प्रश्न या बाबतीत एकट्याने पुरत नाही. माणसाचा अंदाज आणि घरच्यांनी रोज पाहिलेलं यांत तफावत असेल, तर घरच्यांच्या पाहण्याला जास्त किंमत द्यावी.

आणि हे बाईच्या तोंडून जाऊ देऊ नये. पुढच्या तारखेला दवाखान्यात जाल तेव्हा, दोघंही समोर असताना, डॉक्टरांना सरळ विचारा: गाडी कधी? दुचाकी कधी, ट्रॅक्टर कधी? उत्तर कार्डावर लिहून मागा. डॉक्टरांच्या अक्षरातलं "सहा महिने वाहन चालवू नये" घरातली निम्मी भांडणं थांबवतं. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, मान्य आहे. तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नये.

झटक्याचं भय

मेंदूला मार लागल्यावर काही जणांना पुढे मिरगीसारखे झटके येतात. डोक्यात रक्ताची गाठ झाली असेल, कवटीचं हाड आत दबलं असेल, माणूस खूप वेळ बेशुद्ध असेल, तर शक्यता वाढते. पहिली दोन वर्षं जास्त जपायची असतात.

झटका म्हटलं की तोंडाला फेस आणि हात-पाय ताठ, एवढंच लोकांना माहीत असतं. पण पुष्कळ झटके गुपचूप येतात. माणूस बोलता बोलता थांबतो, एकटक बघत राहतो, ओठ चाटल्यासारखे हलतात, हाताने शर्टाची बटणं चाचपतो, अर्ध्या-एक मिनिटाने परत भानावर येतो आणि मधलं त्याला काही आठवत नाही. घरचे म्हणतात, विचारात पडला असेल, कोणी म्हणतं बाहेरचं आहे. हाच प्रकार हायवेवर झाला तर गाडी अर्धा मिनिट कोणीच चालवत नसतं. असं काही दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. त्यांना वर्णनापेक्षा त्या व्हिडिओचा उपयोग जास्त होतो.

झटका ओढवून घेणाऱ्या तीन गोष्टी आपल्याकडे रोजच्याच आहेत: चुकलेली गोळी, दारू आणि जागरण. जागरणाबद्दल बोलायलाच हवं. ओलिताच्या दिवसांत शेतीची लाईट पुष्कळदा रात्री असते. माणूस रात्री अकराला पाणी द्यायला जातो, पहाटे परत येतो आणि सकाळी आठला तुरीचे पोते घेऊन बाजार समितीत निघतो. धडधाकट माणसालाही हे जड जातं. ज्याच्या मेंदूवर जखम आहे त्याच्यासाठी अशी सकाळ झटक्याला बोलावणं आहे. रात्रीचं ओलित दुसऱ्या कोणावर टाकता येत नसेल, तर निदान दुसऱ्या दिवशीची गाडी टाका.

झटके थांबवणाऱ्या गोळ्यांनी काहींना झोप येते, चक्कर येते, फेनिटॉइनचा डोस जास्त झाला तर दोन-दोन दिसतं. त्यावर उपाय डोस बदलून घेणं हा आहे. आपल्या मनाने गोळी बंद केली तर एकामागून एक झटके येऊ शकतात. डॉक्टर स्वतः गोळी कमी करत आणतात, तो काळही जपण्याचाच. ब्रिटनमध्ये गोळ्या बंद होत असताना आणि बंद झाल्यावर ६ महिने गाडी चालवू नका असं सांगतात. तिथे मिरगी असलेल्याला मोटार चालवायला १२ महिने एकही झटका नको, आणि जड वाहनासाठी तर गोळीशिवाय १० वर्षं झटका नको. आपले रस्ते पाहता आपण त्याहून ढिले राहायचं कारण मला दिसत नाही.

आपल्या कायद्यातही हे आहे. लायसनच्या अर्जासोबत नमुना १ भरावा लागतो. मिरगी आहे का, कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, असा थेट प्रश्न त्यात आहे. २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, हेही आहे. खाली सही आपली असते. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि प्रवासी किंवा माल वाहतुकीच्या लायसनसाठी डॉक्टरांचा नमुना १-अ लागतो. आधीचं लायसन खिशात आहे म्हणून कोणी विचारायला येत नाही, हे खरं. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६ नुसार आजारामुळे माणूस गाडी चालवायला योग्य राहिला नाही असं वाटलं तर लायसन रद्द होऊ शकतं किंवा नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येतं. झटके लपवून गाडी चालवली आणि कोणाला लागलं, तर पोलीस केस आणि विमा दोन्हीकडे माणूस अडचणीत येतो. काळी-पिवळी, पिकअप, स्कूल व्हॅन चालवणाऱ्याने तर यात जराही लपवू नये, मागे दुसऱ्यांची लेकरं बसलेली असतात.

डोक्याचं हाड पोटात असेल तर

मेंदूला सूज आली की कवटीचा तुकडा काढून ठेवतात, पुष्कळदा तो पोटाच्या कातडीखाली जपतात, आणि काही महिन्यांनी परत बसवतात. मधल्या काळात त्या जागी मेंदूवर फक्त कातडी असते. हात लावला तर मऊ लागतं, वाकलं की फुगतं. या काळात दुचाकी नाही, चालवायची नाही आणि मागेही बसायचं नाही. हेल्मेट घालतो म्हणून चालेल असं काही जण म्हणतात. चालत नाही. साधं हेल्मेट घट्ट असतं, त्याचा दाब उघड्या जागेवर येतो, आणि खाली हाड आहे असं धरूनच ते बनवलेलं असतं.

घरात आणि दवाखान्यात काय तपासावं

वर ताट आणि दाराची चौकट सांगितली. आणखी काही गोष्टी रोजच्या रोज दिसतात. दुकानातून चार वस्तू आणायला सांगा, चिठ्ठी न देता, आणि येताना वाटेत कोणालातरी बोलायला लावा. चहा करताना मध्ये फोन आला तर गॅसवर चहा आहे हे आठवतं का बघा. फाट्यावर रस्ता ओलांडताना दोन्हीकडे मान वळते का, येणाऱ्या गाडीचा वेग ओळखतो का, की ऐन वेळी धावतो? दुपारनंतर चिडचिड आणि गोंधळ वाढतो का? मेंदूचा थकवा वेगळाच असतो. सकाळी नऊला अगदी बरोबर असलेला माणूस दुपारी चारला निम्माही नसतो, आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ते आणखी लवकर होतं.

माझा भर सगळ्यात जास्त एका गोष्टीवर असतो: त्याला गाडीत शेजारी बसवा आणि त्याच्या तोंडून रस्ता वदवून घ्या. "समोर बंडी आहे, डावीकडून शेळ्या येतात, पुढे गतिरोधक आहे." चालवणाऱ्याला दिसलेलं त्याला दिसत नसेल, किंवा गोष्ट मागे पडल्यावर तो सांगत असेल, तर उत्तर मिळालं. पाच-सहा वेळा असं केलं की बहुतेकदा त्याला स्वतःलाही जाणवू लागतं, आणि चाबी लपवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दवाखान्यात नजरेचा घेर मोजणारी तपासणी करून घ्या. काचबिंदूच्या पेशंटसाठी जी मशीन वापरतात तीच. मोठ्या सरकारी दवाखान्यांच्या नेत्र विभागात ती असते. लक्ष आणि विचाराचा वेग बघायला कागदावरच्या चाचण्या असतात. त्यातली एक अशी: कागदभर आकडे आणि अक्षरं विखुरलेली, त्यांना १-अ-२-ब-३-क असं आलटून पालटून रेषेने जोडायचं. साधी वाटते, पण दोन गोष्टींचं भान एकाच वेळी ठेवता येतं का ते ती दाखवते. ही कामं ऑक्युपेशनल थेरपिस्टची. लोक फिजिओथेरपीपर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. फिजिओ हात-पाय चालता करतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामं परत करता येतील का ते बघतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचं शिक्षणही दिलं जातं, म्हणजे तिथे हा विभाग शोधावा लागत नाही, विचारावा लागतो. कागदावर पास झाला म्हणजे रस्त्यावर पास असं मात्र धरू नये. खरी परीक्षा गाडीवरच होते.

परत सुरुवात

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुद्धा थेट हायवेवर जायचं नाही. आठवडी बाजाराचं मैदान बाजार नसलेल्या दिवशी मोकळं असतं. सकाळी, झोप झालेली असताना, पंधरा-वीस मिनिटं. गाडी काढणं, वळवणं, ठरवलेल्या जागी थांबवणं. कोणीतरी अचानक "थांब" म्हणावं आणि ब्रेक किती लवकर लागतो ते बघावं. हे जमलं की ओळखीचा, कमी वर्दळीचा रस्ता, दिवसाउजेडी. शक्य असेल तर आधी चारचाकी, शेजारी लायसनवाला सावध माणूस. दुचाकी नंतर, कारण तिच्यावर तोलही सांभाळायचा असतो आणि चुकीला माफी कमी असते. पहिले काही महिने मागे कोणाला बसवायचं नाही, मोबाईल बंद, पाऊस असेल तर नाही, अंधार पडायच्या आत घरी. संध्याकाळी रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रस्त्यावर येतात, त्या वेळी नव्याने सुरुवात केलेला माणूस रस्त्यावर नसावा.

ट्रॅक्टरला लोक सोपा समजतात. "हळू तर चालते." वेग कमी असतो, पण धुऱ्यावर (बांधावर), नाल्याच्या काठावर तो कलंडतो आणि वर बसलेल्याला उडी मारायला वेळ देत नाही. मागे रोटाव्हेटर फिरत असतो, मडगार्डवर पोरगं बसलेलं असतं. झटका आला तर ट्रॅक्टरला थांबवणारं कोणी नसतं. माझ्या मते ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी.

एक हात किंवा पाय कमजोर राहिला, पण नजर, लक्ष आणि विचार शाबूत असतील, तर वाट बंद नाही. स्कूटरला बाजूची चाकं बसवता येतात, ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं काम उरत नाही, हाताने ब्रेक-अॅक्सिलरेटर चालवण्याची सोय करता येते. असे बदल आरटीओच्या परवानगीने करायचे आणि लायसनवर तशी नोंद घ्यायची. तालुक्याला आरटीओचा कॅम्प असतो तेव्हा कागद दाखवून विचारून घ्यावं.

तोवरच्या महिन्यांची सोय घरच्यांनी आधीच लावावी, तर चाबीसाठी होणारी ओढाताण कमी होते. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर त्यालाही सवलत मिळते. दोघं मिळून दवाखान्यात जाणं तेवढं महाग पडत नाही. दूध शेजाऱ्याच्या गाडीवर पाठवून महिन्याकाठी पेट्रोलचा वाटा द्यावा. ट्रॅक्टर घरचा असेल तर हंगामापुरता ड्रायव्हर लावून घरच्या माणसाला सोबत बसू द्यावं. कुठली सरी कशी घ्यायची हे त्यालाच माहीत असतं, आणि ते सांगायचं काम त्याच्याकडे राहिलं तर तो घरात बसून कुढत नाही.

गाडी सुरू झाल्यावरही घरच्यांनी अधूनमधून गाडीकडे बघावं. डाव्या बाजूला नवे ओरखडे, वाकलेला डावा आरसा, ओळखीच्या फाट्यावर चुकलेलं वळण, मागचे लोक फार हॉर्न देतात अशी तक्रार, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी गाडी थांबवून तपासणीची तारीख घ्यावी. झटका आला, अगदी एकदाच आणि लहानसा आला, तरी झटक्याशिवायचे महिने पहिल्यापासून मोजायचे. गोळीचा डोस बदलला तर झोप आणि चक्कर किती येते ते कळेपर्यंत पहिले काही दिवस गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावी.